बॉयलरखोलीतील बोलावणे

चर्चची इमारत देव सांभाळतो, अशी भाविकांची समजूत असते. न्यू जर्सीत पार्सिपनीजवळच्या एका गावातील अशी एक इमारत अकरा वर्षे मी सांभाळली. त्या अवधीत देवाने माझ्या कामात ढवळाढवळ केली नाही आणि मी त्याच्या कामात केली नाही. व्यवस्था उत्तम होती.

या अंकाच्या संपादिका फोनवर म्हणाल्या, “काका, तुमच्या करिअरबद्दल लिहा ना. खूप इन्स्पायरिंग होईल.” मला करिअर नव्हते, नोकरी होती. तिच्यापासून कोणाला स्फूर्ती मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तरी लिहितो, कारण मी नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला. पुन्हा विचारण्याला माझ्या लेखी महत्त्व आहे. ते का, हे पुढे येईल.

मी मूळचा अहमदनगरचा. तिथे एका शाळेत भूगोल शिकवत असे. माझी पत्नी सुलोचना परिचारिका. त्या सुमारास, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेला परिचारिका हव्या होत्या. भूगोलाचे मराठी शिक्षक नको होते. म्हणून ती पुढे आली आणि सामानाबरोबर मी. तिची नोकरी ठरलेली होती. मला शोधावी लागली. एका जुन्या चर्चला ‘सेक्स्टन’ हवा आहे, असे कळले. सेक्स्टन म्हणजे इमारतीचा राखणदार. किल्ल्या त्याच्या, झाडू त्याचा, दारातला बर्फ त्याचा, आणि इमारतीत जे जे मोडेल ते त्याचे.

मुलाखत इमारत समितीच्या प्रमुखांनी घेतली. बॉयलर चालवता येतो का, असे त्यांनी विचारले. शिकेन, म्हणालो. दारू पिता का? नाही. त्यापुढचा प्रश्न विचारताना ते अवघडले. “ही इमारत... म्हणजे असे आहे, की हे एक चर्च आहे. इथे काम करायला तुमची काही हरकत?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांना हायसे वाटले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगत पायी हिंडलेले. माझा बाप्तिस्मा मला मान धरता येत नव्हती तेव्हा झालेला. परंतु तो प्रश्न मला विचारला गेला नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची मला सवय नाही. शिक्षकाला ती सवय लागली तर तास संपत नाहीत.

आता कामाविषयी थोडे. बाहेरच्या लोकांना वाटते, चर्चमध्ये काम रविवारी असते. रविवारी उपासना असते. काम उरलेले सहा दिवस असते. तळमजल्यावर एक सभागृह होते आणि ते रोज कोणाला तरी दिलेले असे. एका संध्याकाळी दारू सोडू पाहणारे येत, दुसऱ्या संध्याकाळी वजन घटवू पाहणारे, तिसऱ्या संध्याकाळी भजनी मंडळासारखा आमचा गायकवृंद. दारू सोडणारे सर्वांत शिस्तीचे. जाताना खुर्च्या मिटून भिंतीला लावून ठेवत. वजन घटवणाऱ्यांच्या मागे मला बिस्किटांचा चुरा झाडावा लागे. गायकवृंदामागे काही उरत नसे. ते सूरसुद्धा बरोबर घेऊन जात. रविवारी ते परत आणायचे मात्र विसरत.

बॉयलर वाफेचा होता. हिवाळ्यात तो सकाळी वेळेवर पेटवणे हीच निम्मी नोकरी. वाफ नळ्यांतून चढू लागली की वरचे जुने रेडिएटर लोहाराच्या ऐरणीसारखे ठणठणत. पेटवायला उशीर झाला तर हा ठणठणाट नेमका प्रवचनात येई. आमचे पाळक मिस्टर एलिस हे तरुण, सज्जन आणि अतोनात भिडस्त गृहस्थ. एकदा ते खाली येऊन म्हणाले, “मिस्टर साळवे, आज मी नरकाविषयी बोलत असताना खालून आवाज आले. परिणाम फार चांगला झाला. पण पुढच्या रविवारचा विषय शांती आहे.”

पुढच्या रविवारी मी बॉयलर लवकर पेटवला.

उपासनेनंतर सभागृहात कॉफी असे. शंभर पेल्यांचे एक पत्र्याचे भांडे होते आणि ते तापायला तासभर घेई. त्याबाबतीत मी एकदाही चुकलो नाही. प्रवचन फसले तर ती मंडळी पाळकाला क्षमा करीत. कॉफी फसली असती तर त्यांनी बैठक बोलावली असती.

स्वयंपाकघर मात्र माझ्या अखत्यारीत नव्हते. ते मिसेस व्हिटलॉक यांचे. उंच, ताठ, सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाई. त्या चर्चसमोरच राहत आणि त्यांच्या खिडकीतून चर्चचे दार दिसत असे. अधिक अचूक सांगायचे तर त्या चर्चच्या दाराला दिसत असत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी स्वहस्ते लिहिलेली पाटी होती: ‘गरम करा. शिजवू नका.’ भाड्याने सभागृह घेणाऱ्या प्रत्येकाला ती पाटी दाखवणे हे माझे काम. बाई बोलत कमी. मीही कमी बोलतो. त्यामुळे आमचे चांगले जमत असे. त्या आता नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहिले. मानले असते तर त्यांना ते आवडले नसते, ही वेगळी गोष्ट.

त्यांच्या बुद्धीचा एक दाखला देतो. चर्चमध्ये लोक वस्तू विसरतात. हातमोजे बहुधा एकेकटे सापडत. ते मी समजू शकतो. एका सोमवारी मात्र मला गीतपुस्तकांच्या फळीवर माणसाची कवळी सापडली, वरची. माणूस कवळी ठेवून घरी रविवारचे जेवण जेवायला कसा गेला, हे कोडे मला सुटेना. कोणी मागायलाही आले नाही, लाजेचा मामला. मी ती बाईंना दाखवली. पुढच्या रविवारी सारी मंडळी गीत गाऊ लागली तेव्हा बाई गायल्या नाहीत. त्या वळून एकेका रांगेकडे पाहत राहिल्या. जो तोंड उघडत नव्हता तो त्यांनी हेरला. कवळी दुपारच्या आत मालकाच्या दारी पाकिटातून पोचली. कोणाला नाव कळले नाही. मला कळले आहे, पण मी सांगणार नाही.

मंडळी अशी शहाणी होती. तरीही मी हिंदू आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. मी भारतातला, माझे नाव भास्कर, मी मोजके बोलणारा. आणखी पुरावा कशाला? आणि ती माणसे सभ्य असल्यामुळे माझ्या धर्माला धक्का लागू नये म्हणून फार जपत. मिस्टर एलिस मला दर वर्षी दिवाळीच्या शुभेच्छा देत, बहुधा चुकीच्या आठवड्यात. महिन्यातून एकदा पुरुषांचे सामुदायिक जेवण असे. त्यात खिम्याचा एक जाडजूड भाजलेला वडीसारखा पदार्थ असे. त्याचा वास पायऱ्यांपर्यंत येई. माझे बालपण नगरच्या रश्श्यावर गेलेले आहे. तो वास काय करतो हे मला कोणी शिकवायला नको. पण खुर्च्या मांडून झाल्या की मिसेस व्हिटलॉक एक झाकलेली बशी माझ्या हातात देत आणि म्हणत, “मिस्टर साळवे, यात मांस नाही.” खरेच नसे. त्यात घेवड्याच्या शेंगा असत, पाण्यात उकडलेल्या. मीठसुद्धा कोणाच्या तरी भावना दुखावेल या भीतीने घातलेले नसावे. मी ती बशी बॉयलरच्या खोलीत नेऊन संपवीत असे. अन्न टाकू नये, असे आमच्याकडे शिकवलेले आहे.

एकदा रविवारच्या शाळेच्या शिक्षिकेने मला वर्गात बोलावले. “मुलांना तुमच्या परंपरेतील एखादी गोष्ट सांगाल का?”

मी सांगितली. एका गृहस्थाने मोठी जेवणावळ घातली आणि पुष्कळांना आमंत्रण दिले. जेवण तयार झाल्यावर त्याने चाकराला पाठवले, जा, आमंत्रितांना म्हणावे चला. तेव्हा एक म्हणाला, मी शेत घेतले आहे, ते पाहायला जातो. दुसरा म्हणाला, मी बैल घेतले आहेत. तिसरा म्हणाला, माझे आताच लग्न झाले आहे. मग त्या गृहस्थाने रस्त्यावरचे आणि कुंपणाकडेचे लोक आणवून घर भरून टाकले. मुलांना लग्नाची सबब फार आवडली.

“किती सुंदर,” शिक्षिका म्हणाल्या. “आमच्याही धर्मात जवळजवळ अशीच एक गोष्ट आहे.”

“असेल,” मी म्हणालो.

येशूच्या त्या दाखल्यातील एक बारकावा अमेरिकन माणसाच्या ध्यानात येत नाही. आमंत्रण अगोदर दिलेले होते. तरीही जेवणाच्या वेळी चाकराला पुन्हा पाठवावे लागले. आपल्याकडे हे समजावून सांगावे लागत नाही. आमंत्रण आदल्या दिवशी येते. पण पाने वाढल्यावर कोणीतरी दारात येऊन ‘चला’ म्हणेपर्यंत माणूस घरातून हलत नाही, मग पोटात कावळे का ओरडत असेनात. नुसत्या आमंत्रणावर उठून जो जातो तो हावरा.

आमच्या घरात हा केवळ शिष्टाचार नव्हता. आजोबांच्या लहानपणी गावजेवणात आमच्या लोकांना आमंत्रणही नसे आणि बोलावणेही नसे. पंगती उठल्यावर कडेला उभे राहायचे आणि उरलेले घेऊन जायचे. पुढे एका कुडाच्या प्रार्थनाघरात कोणीतरी आजोबांना नावाने हाक मारून प्रभुभोजनाच्या मेजाशी बोलावले. आपण ख्रिस्ती झालो ते त्या हाकेमुळे, असे ते सांगत. नंतर त्यांनी घरात नियम घालून दिला: बोलावल्याशिवाय जायचे नाही, आणि बोलावल्यावर कडेला बसायचे नाही. माझ्या वडिलांनी तो पाळला. मीही पाळला.

अडचण इतकीच होती, की अमेरिकेतील त्या चर्चच्या दारावर पाटी होती: ‘सर्वांचे स्वागत’. तिथल्या लोकांच्या दृष्टीने विषय संपला होता. दार उघडे आहे, पाटी आहे, ज्याला यायचे त्याने यावे. ती पाटी मीच पुसत असे. सर्वांचे म्हणजे नेमके कोणाचे, हे तिच्यावर लिहिलेले नव्हते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाची आठवण. त्याची तयारी माझ्याकडे होती. भाकरीचे तुकडे करायचे. अंगुस्तानाएवढे काचेचे पेले भोकांच्या ताटात बसवायचे आणि एकेकात द्राक्षरस ओतायचा. एक थेंब सांडू द्यायचा नाही. ताटे मेजावर नेऊन त्यांवर पांढरे वस्त्र घालायचे. मग मंडळी येऊ लागत आणि मी खाली बॉयलरच्या खोलीत जाई. ताटे वर रांगारांगांतून फिरत. शेवटी उरलेला रस, रिवाजाप्रमाणे, मी मागच्या अंगणात गुलाबाच्या मुळाशी ओतत असे आणि पेले धूत असे. तीन वर्षे हे चालले. गुलाब छान फुलत.

खाली बसून मी गात असे. चाली आमच्या नगरच्याच होत्या. मिशनऱ्यांनी त्याच इकडून तिकडे नेलेल्या. शब्द मात्र माझे मराठी. बॉयलरची जाड नळी जिथून छतात शिरत असे तिथे बोटभर फट होती आणि ती थेट वरच्या पूर्वेकडील रेडिएटरपाशी निघत होती, हे मला ठाऊक नव्हते. एकदा इमारत समितीत मिसेस व्हिटलॉक यांची तक्रार आली, की त्यांच्या बाकाशेजारचा रेडिएटर ठणठणत नाही, गुणगुणतो. मी सर्वांच्या देखत त्याची तोटी काढून साफ केली. पुढच्या रविवारी आवाज जरा खाली घेतला.

सुलोचनाचा स्वभाव माझ्या उलट. रविवारी तिची पाळी असे. तिने पहिल्याच महिन्यात रुग्णालयातल्या मलयाळी परिचारिकांची प्रार्थनासभा शोधून काढली आणि सरळ आत जाऊन बसली. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. माझे तिला पटत नसे.

“अहो, तोंड दिलंय ना देवानं? सांगा की त्यांना.”

“काय सांगू?”

“मी ख्रिस्ती आहे म्हणून.”

“म्हणजे मला वाढा, असं आपल्या तोंडानं सांगू?”

“मग बसा उपाशी. तुमच्या घराण्याचं काही कळत नाही बाई. आजोबा बोलून थकले नाहीत आणि तुम्ही न बोलून थकत नाही.”

यावर मी किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि कामावर गेलो.

अशात पार्सिपनीच्या मराठी मंडळींनी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आमचे सभागृह घेतले. जागा पाहायला जोशीवहिनी आल्या. त्या मूळच्या पुण्याच्या. नवरा एका औषध कंपनीत, मुले तिथेच वाढलेली, आणि गावच्या कोणत्याही कार्यात खाण्याचे खाते यांच्याकडे. मी त्यांना पाटी दाखवली. त्यांनी ती वाचली नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

“साळवे म्हणजे कुठले हो तुम्ही?”

“नगर.”

“आणि मिसेस?”

“नर्स आहे. मिरजेला शिकली.”

“मिरजेला म्हणजे मिशनच्या इस्पितळात. मग तुम्ही ख्रिश्चन. नाताळात करंज्या करता ना? आमच्या शेजारी होते एक मास्तर, त्यांच्याकडून ताट यायचं. सारणात खसखस जास्त घालता तुम्ही लोक. चांगली लागते.”

पाळकांना तीन वर्षांत जे कळले नव्हते ते या बाईंना खुर्च्या मोजून व्हायच्या आत कळले. माझ्या आजोबांना जोशी आडनावाच्या घराशी अंगणातून बोलावे लागे. हे मला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक असावे. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि माझ्या हातावर चकली ठेवली. “साळवेभाऊ, खाऊन सांगा. मोहन कमी पडलंय का?”

कमी पडले होते. मी तसे सांगितले. त्यांना राग आला नाही.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार. मी खुर्च्या मांडत असताना स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. जाऊन पाहतो तो शेगडीवर भलीमोठी कढई.

“वहिनी, शिजवायला परवानगी नाही.”

“शिजवतंय कोण? गरम करायला परवानगी आहे ना? तेल गरम करतोय.”

“आणि त्या पुऱ्या?”

“त्या तेलात पडतायत. गार पुरी ही काय पुरी असते का, भाऊ? मुलं बर्गर मागतील मग.”

नियम सांगणे हे माझे काम होते. तो मी सांगितला होता. पहिला घाणा निघाला, दुसरा निघाला, आणि तिसऱ्याला धूर छतापर्यंत जाऊन धोक्याची घंटा वाजू लागली. ती घंटा थेट अग्निशमन केंद्राला जोडलेली होती. मी ती बंद करीपर्यंत लाल गाडी दारात उभी राहिली. हेल्मेट घातलेले चार आडदांड जवान कुऱ्हाडी घेऊन आत आले.

जोशीवहिनींनी त्यांना नीट न्याहाळले. “नो फायर,” त्या म्हणाल्या. “ओन्ली पुरी. सिट, सिट. अहो, यांना पानं मांडा.”

चौघे बसले. कुऱ्हाडी मी भिंतीला लावून ठेवल्या. त्यांच्यापैकी एकाने श्रीखंडाला आइस्क्रीम समजून ते वितळेल या भीतीने घाईने संपवले. त्यामुळे त्याला पुन्हा वाढले गेले.

समोरच्या घरातून लाल गाडी दिसली नसती तरच नवल. मिसेस व्हिटलॉक दारात उभ्या राहिल्या. त्यांनी धूर पाहिला, कढई पाहिली, भिंतीवरची पाटी पाहिली आणि शेवटी माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडण्यापूर्वीच जोशीवहिनींनी त्यांना हाताला धरून बसवले आणि पुढ्यात ताट ठेवले.

“नो, थँक यू,” बाई म्हणाल्या.

वहिनींनी पुरी वाढली.

“नो. थँक यू.” हा स्वर ऐकून गायकवृंद बसत असे.

वहिनींनी भाजी वाढली. “थोडंसं. माझ्यासाठी.”

मिसेस व्हिटलॉक यांच्या नकाराला उत्तर म्हणून बटाट्याची भाजी आली, असे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडले असावे. त्यांनी एक घास खाल्ला. मग ताट रिकामे झाले.

मी फडके घेऊन दाराशी उभा होतो. वहिनी म्हणाल्या, “साळवेभाऊ, तुम्ही का उभे? चला, पानं वाढली.”

मी फडके ठेवले आणि रांगेच्या मधोमध जाऊन बसलो. मिसेस व्हिटलॉक पाहत होत्या.

“हा माणूस तीन वर्षांत आमच्या मेजाशी कधी बसला नाही,” त्या वहिनींना म्हणाल्या. “तुम्ही काहीतरी म्हणालात आणि तो लगेच बसला. काय म्हणालात?”

“जेवण वाढलंय, चला, म्हटलं. तुम्ही कधी बोलावलंत?”

“दारावर पाटी आहे.”

“पाटीला कोण जेवायला येतं? माणसानं जाऊन बोलवावं लागतं. आणि आमची माणसं आधी नाहीच म्हणतात. दोनदा म्हणतील. ते मनावर घ्यायचं नाही. तिसऱ्यांदा विचारायचं.”

बाईंनी यावर विचार केला. “हा हिंदू धर्माचा नियम आहे का?”

“हिंदू? हे साळवे?” वहिनी हसू लागल्या. “अहो, हे तुमच्यातले. आजोबांपासून ख्रिश्चन. हिंदू मी आहे, आणि माझ्या चार पुऱ्या खाल्ल्यात तुम्ही.”

मिसेस व्हिटलॉक यांनी चमचा खाली ठेवला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

“मिस्टर साळवे, खरे आहे हे?”

“होय.”

“मग सांगितले का नाही?”

“कोणी विचारले नाही.”

“आणि त्या शेंगा?”

“खाल्ल्या.”

“आवडत होत्या?”

“नाही.”

त्या उठल्या, कढईजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि वहिनींशी बराच वेळ हळू आवाजात काही बोलत राहिल्या. शेगडीबद्दल असेल, असे मला वाटले. त्या संध्याकाळी स्वयंपाकघराबद्दल कोणाला दंड झाला नाही. भिंतीवरची पाटी मात्र तशीच राहिली. तत्त्व ते तत्त्व.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे भाकरीचे तुकडे केले, पेले भरले, ताटांवर वस्त्र घातले आणि खाली गेलो. आदल्या दिवसापासून मनात काही अपेक्षा नव्हती, असे लिहिले तर ते खोटे होईल. मी वाफेचा काटा पाहत बसलो. काट्यात पाहण्यासारखे काही नव्हते. मिस्टर एलिस यांचे स्वागताचे शब्द फटीतून ऐकू आले. सर्वांचे स्वागत आहे, असे ते म्हणाले. पहिले गीत सुरू झाले. मी त्या दिवशी गायलो नाही.

मग जिन्यावर पावले वाजली. बॉयलरच्या खोलीचा जिना उभा आणि अरुंद होता. मंडळींपैकी कोणी तो कधी उतरले नव्हते. मिसेस व्हिटलॉक एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने रविवारची टोपी धरून खाली आल्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी दम घेतला.

“मिस्टर साळवे, वर चला.”

“नको. बॉयलरकडे पाहावे लागते.”

“ही पहिली वेळ,” त्या म्हणाल्या. “मेज तयार आहे. वर चला.”

“कपडे कामाचे आहेत.”

“ही दुसरी. कालच्या त्या पुरीवाल्या बाईंनी मला तीन सांगितल्या आहेत, आणि वर शेवटचे कडवे चालू आहे. त्या रेडिएटरशेजारी बसून मी तीन वर्षे ऐकते आहे. त्याला सगळी गीते पाठ आहेत. आज तो गात नाही, तेव्हा माझा सूर सापडेना.” मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि शाळेत पाठांतर म्हणून दाखवावे तशा मराठीत म्हणाल्या, “चला, भास्कर. पानं वाढली.”

उच्चार साफ चुकीचे होते. एरवी मी ते सुधारले असते.

मी हात धुतले आणि त्यांच्यामागून जिना चढलो. पूर्वेकडच्या बाकावर, रेडिएटरच्या बाजूला, एक जागा होती. मिस्टर व्हिटलॉक गेल्यापासून तिथे कोणी बसत नसे. बाई आपली पर्स ठेवत. त्यांनी पर्स उचलली. मला बाकाच्या आत, मध्ये बसवले आणि स्वतः कडेला बसल्या. मिस्टर एलिस यांनी वरून मला पाहिले आणि ते पुढचे वाक्य विसरले. नंतर त्यांना ते आठवले.

ताट रांगेतून हातोहात आले. पेला मी उचलला. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

उपासना संपल्यावर लोक कॉफीला खाली गेले. कॉफी वेळेवर तयार होती. मी उरलेला रस गुलाबाला घातला आणि पेले धुवायला घेतले. बाई फडके घेऊन शेजारी पुसायला उभ्या राहिल्या. एरवी त्या राहत नसत. धुवायला एक पेला वाढला होता. तो मी शेवटी धुतला.